वाऱ्यात क्रेनने वजन उचलताना: तक्त्यातला आकडा आणि हुकावरची वस्तू

खानदेशात क्रेन ही आता केवळ दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा भुसावळच्या रेल्वेकामांवर दिसणारी गोष्ट राहिलेली नाही. जिनिंगच्या शेडचे लोखंडी ट्रस चढवायला हायड्रा ही लहान चालती क्रेन येते, जळगाव-धुळ्याच्या बहुमजली इमारतींवर टॉवर क्रेन उभी राहते, महामार्गावरच्या पुलांचे गर्डर मोठ्या टायरवाल्या क्रेन उचलतात, आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्या उभारण्यासाठी तर ज्या माळावर वारा भरपूर आहे, नेमकी तीच जागा निवडून तिथे अतिशय उंच बूमच्या, म्हणजे वजन पेलणाऱ्या लांब भुजेच्या, क्रेन न्याव्या लागतात. या सगळ्या कामांवर ऑपरेटरला एकच प्रश्न विचारला जातो: किती वाऱ्यापर्यंत काम चालेल? त्याचे उत्तरही बहुतेक वेळा एकाच आकड्यात मिळते. तो आकडा चुकीचा नसतो, परंतु तो क्रेनसंबंधी असतो. हुकाला काय अडकवले आहे, याची त्याला कल्पना नसते.

आधी आकड्यांची भाषा. क्रेनच्या पुस्तिकेत वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंद या मापात दिलेला असतो. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. मोबाइल क्रेनच्या लोड चार्टवर, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येते ते सांगणाऱ्या तक्त्यावर, साधारणपणे ९ ते १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३२ ते ३६ किलोमीटरच्या आसपासची मर्यादा आढळते. टॉवर क्रेनच्या बाबतीत ती पुष्कळदा २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असते. अर्थात आपल्या क्रेनचा, त्या बूमलांबीचा आणि त्या जोडणीचा नेमका आकडा तिच्या स्वतःच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो, कारण बूम जितका लांब काढावा तितकी ही मर्यादा सहसा खाली येते.

आता वारा वस्तूला किती जोराने ढकलतो ते पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९ मीटर प्रति सेकंद वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५ किलो वजनाइतका जोर लावतो. १४ मीटरला तो १२ किलोच्या घरात जातो आणि २० मीटरला २५ किलोवर. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे 'वारा थोडासा वाढलाय' हे वाक्य ताशी ३० वरून ४० किलोमीटरसाठी म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात जोर पाऊणपटीहूनही अधिक वाढलेला असतो. वैशाखातील आपल्याकडची तापलेली हवा थंड हवेपेक्षा काहीशी विरळ असल्याने हा जोर दहाएक टक्क्यांनी कमी भरतो हे खरे. मात्र त्या सवलतीवर कोणी हिशेब बांधू नये, कारण त्याच तापलेल्या दुपारी वारा सर्वांत लहरी असतो.

हा जोर कोणत्या वस्तूला किती विचलित करील, हे मात्र फक्त क्षेत्रफळावर ठरत नाही, तर क्षेत्रफळ आणि वजन यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. खळ्यावर ज्वारी उफणताना हे प्रत्येकाने पाहिलेले असते: एकाच वाऱ्यात, एकाच सुपातून सोडलेले दाणे जवळजवळ सरळ खाली पडतात आणि भुसा दूर जाऊन पडतो. क्रेनच्या हुकाला अडकवलेल्या वस्तूंमध्येही काही दाण्यासारख्या असतात आणि काही भुशासारख्या. काँक्रीटचा ठोकळा, यंत्राचा गिअरबॉक्स किंवा क्रेनचे स्वतःचे काउंटरवेट हे दाण्यासारखे. शटरिंगची प्लेट, छताच्या पत्र्यांची चळत, रिकामी पाण्याची टाकी, पवनचक्कीचे पाते हे भुशासारखे. साइटवर नेमका उलटा समज आढळतो. जड वस्तूची सर्वांना धास्ती असते, तिच्यासाठी सगळे जण थांबून पाहतात. हलकी वस्तू मात्र 'अरे, चारशे किलो तर आहे' म्हणून भर वाऱ्यात सहज उचलली जाते.

लोड चार्टवरची वाऱ्याची मर्यादा ठरवताना निर्मात्याने एक गृहीतक धरलेले असते. मोबाइल क्रेनच्या बाबतीत ते बहुधा असे असते की, उचलल्या जाणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक टन वजनामागे वाऱ्याला सामोरा जाणारा पृष्ठभाग साधारण १ चौरस मीटर असेल आणि वाऱ्याला अडवण्याचा तिचा आकार-गुणांक १.२ असेल. हा गुणांक वस्तूच्या घडणीनुसार बदलतो. गोलाकार वस्तूवरून वारा सुटून जातो म्हणून तिचा कमी, सपाट फळीसारख्या वस्तूचा १.१ पासून २ पर्यंत. वस्तू या गृहीतकात बसत असेल तर तक्त्यातली मर्यादा तशीच वापरता येते. बसत नसेल, तर मर्यादा खाली आणावी लागते, आणि त्यासाठी क्रेनच्या पुस्तिकांमध्ये एक साधे सूत्र दिलेले असते. वस्तूचे वजन टनांत घेऊन त्याला १.२ ने गुणावे. वस्तूचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घेऊन त्याला तिच्या आकार-गुणांकाने गुणावे. पहिल्या संख्येला दुसरीने भागून येणाऱ्या उत्तराचे वर्गमूळ काढावे आणि त्याने तक्त्यातल्या वाऱ्याच्या वेगाला गुणावे. उत्तर तक्त्यातल्या वेगापेक्षा जास्त आले, तरी तक्त्यातलाच वेग पाळायचा असतो.

सूत्र ऐकायला कोरडे वाटते, म्हणून दोन वस्तू घेऊन पाहू. तक्त्यातली मर्यादा ९ मीटर प्रति सेकंद आहे असे धरू. पहिली वस्तू प्रीकास्ट काँक्रीटची भिंत: ६ मीटर लांब, ३ मीटर उंच, १५ सेंटिमीटर जाड. काँक्रीटचे वजन घनमीटरला अडीच टन धरले तर ती पावणेसात टनांची भरते. तिचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर, गुणांक १.२. पावणेसातला १.२ ने गुणले की ८.१ येतात; १८ ला १.२ ने गुणले की २१.६. भागाकार ०.३७५ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ०.६१. म्हणजे या भिंतीसाठी मर्यादा ९ नव्हे, तर साडेपाच मीटर प्रति सेकंद, ताशी जेमतेम २० किलोमीटर. दुसरी वस्तू शटरिंगची मोठी जोडलेली प्लेट: ३ मीटर गुणिले २.४ मीटर, वजन ४०० किलो. हाच हिशेब केला की मर्यादा सुमारे २.१ मीटर प्रति सेकंदावर, ताशी ८ किलोमीटरच्याही आत येते. खानदेशात एवढा शांत वारा पहाटे मिळतो, दुपारी शोधूनही सापडत नाही. काही निर्माते कमी वजनासाठी वेगळे तक्ते देतात आणि त्यांत थोडी मोकळीक असते, पण ती त्या तक्त्यात छापलेली असली तरच घ्यावी.

या प्लेटचे वाऱ्यात नक्की काय होते? ९ मीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे ४४ किलोचा आडवा जोर येतो. बूमच्या टोकापासून हुकापर्यंत वायर रोप ३० मीटर लोंबत असेल, तर प्लेट उभ्या रेषेपासून सव्वातीन मीटर बाजूला जाऊन लटकते. वारा १४ मीटरचा झाला की हेच अंतर साडेसात मीटरांच्या पुढे जाते. वारा सतत सारखा नसल्यामुळे ती तिथे स्थिरही राहत नाही. झोत आला की जाते, ओसरला की परत येते, आणि परत येताना मधल्या जागेच्या पलीकडे जाते. चारशे किलोंच्या या झोक्याने क्रेन उलटणार नाही कदाचित, पण स्लॅबच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ती खाली ढकलू शकते.

जड वस्तूचा धोका निराळा. पावणेसात टनांची भिंत ९ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम अर्धा मीटर सरकेल, डोळ्यांना ती जवळपास स्थिरच दिसेल. मात्र क्रेनची उचलण्याची क्षमता त्रिज्येवर, म्हणजे क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून वस्तूपर्यंतच्या आडव्या अंतरावर अवलंबून असते, आणि ते अंतर वाढत गेले की क्षमता झपाट्याने उतरते. लोड चार्टच्या काठावर काम चाललेले असेल, तर वाऱ्याने वाढवलेले ते अर्ध्या मीटरचे अंतर आणि शंभर किलोंच्या वरचा आडवा ओढा, दोन्ही बूमच्या टोकावर एकदम येतात. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १४ जुलै १९९९ रोजी मिलर पार्क या क्रीडांगणाच्या छताचा चारशे टनांहून अधिक वजनाचा भाग उचलताना 'बिग ब्लू' नावाने ओळखली जाणारी प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणात पुढे आलेला मुख्य मुद्दा हाच होता की, क्रेनच्या बूमवर येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब झाला होता, उचललेल्या छतावर येणाऱ्या वाऱ्याचा झाला नव्हता.

वारा कोणत्या बाजूने येतो यावरही बरेच काही ठरते. क्रेनच्या पाठीमागून वारा आला तर तो बूमला आणि वस्तूला पुढे ढकलतो, त्रिज्या वाढते आणि क्रेन पुढे कलंडण्याचा धोका वाढतो. समोरून येणारा वारा अधिक फसवा. तो बूमला मागे रेटतो, त्यामुळे केबिनमधला एसएलआय, म्हणजे सुरक्षित वजन दाखवणारी यंत्रणा, प्रत्यक्षापेक्षा कमी भार दाखवू शकते. अजून जागा शिल्लक आहे असे समजून ऑपरेटर वजन वाढवतो किंवा बूम खाली घेतो, आणि वारा पडला, किंवा बूम फिरवताना दिशा बदलली, की तोच भार एकदम पूर्णपणे अंगावर येतो. हुकावर काहीच नसताना आणि बूम उभा असताना समोरचा वारा क्रेनला मागच्या बाजूस उलटवू शकतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बाजूने येणारा वारा सर्वांत वाईट, कारण बूम उभ्या ओढ्यासाठी बांधलेला असतो. आडव्या वाकण्यात तो तितका मजबूत नसतो आणि एसएलआयला हे आडवे वाकणे कळतच नाही. केबिनमधला हिरवा दिवा वाऱ्याविषयी ग्वाही देत नाही, हे प्रत्येक नव्या ऑपरेटरला सुरुवातीलाच सांगायला हवे.

वेग मोजायचा कुठे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा वारा साधारणपणे जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा आणि काही मिनिटांची सरासरी काढलेला असतो. उघड्या माळरानावर १० मीटर उंचीला ७ मीटर प्रति सेकंद वारा असेल, तर १०० मीटर उंचीवर तो साधारण पावणेदहा असतो. उंचीबरोबर तो असा वाढत जातो. शिवाय सरासरी ही सरासरीच असते. तीन सेकंदांचा एखादा झोत सरासरीपेक्षा दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो, आणि मोकळ्या माळाऐवजी इमारतींच्या गर्दीत त्याहून पुढेही. वजनाला झुलवायला तीन सेकंद पुरतात. म्हणून वेगमापक बूमच्या किंवा टॉवरच्या टोकाला हवा आणि निर्णय त्याच्या झोताच्या आकड्यावर घ्यायला हवा. दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळातून वारा आवळून जोरात वाहतो, हेही ज्या चौकात वर्षभर धूळ उडते तिथले दुकानदार अभियंत्याइतक्याच खात्रीने सांगतील.

हायड्रासारख्या लहान क्रेनवर वेगमापक नसतो, हे वास्तव मान्य करावे लागते. तिथे डोळ्यांनी ओळखता येणाऱ्या खुणा उपयोगी पडतात. ताशी २० ते २८ किलोमीटरच्या वाऱ्यात धूळ आणि सुटे कागद उडू लागतात व झाडांच्या बारीक फांद्या हलतात. ताशी ३० च्या पुढे लहान झाडे डोलू लागतात. ४० च्या पुढे मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शीळ घालतात आणि छत्री सांभाळणे कठीण होते. ५० च्या पुढे अख्खे झाड हलते आणि वाऱ्याविरुद्ध चालताना जोर लावावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश नौदलातील ब्यूफोर्ट या अधिकाऱ्याने सुरू केलेल्या मोजपट्टीचे हे जमिनीवरचे रूप आहे. आपल्या वरच्या उदाहरणातली प्रीकास्ट भिंत आठवली तर लक्षात येईल की, धूळ उडू लागताच तिची मर्यादा ओलांडलेली असते.

खानदेशाचा वारा वर्षभर एकाच स्वभावाचा नसतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सकाळ शांत असते आणि जमीन तापली की अकरा-साडेअकरापासून वारा उठतो. याच दिवसांत नांगरून मोकळ्या पडलेल्या शेतांतून वावटळी फिरतात. वावटळ आकाश निरभ्र असताना येते, कोणत्याही अंदाजात ती सांगितलेली नसते आणि एखादा मिनिटच टिकते. पण तेवढ्यात ती शेडवर बिनबांधणीचे ठेवलेले पत्रे उचलून नेते. त्यामुळे पत्र्यांची चळत वर चढवली की सोडवण्याआधी ती बांधून घ्यावी आणि असे काम दुपारी मुळातच टाळावे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा साक्रीकडच्या पठारांवर दिवसेंदिवस वाहत राहतो. तिथल्या पवनचक्क्या याच महिन्यांत सर्वाधिक वीज देतात आणि म्हणूनच पाती चढवण्याचे काम शक्यतो या महिन्यांत ठेवत नाहीत. अशा पठारांवर रात्रीची शांतताही फसवी असू शकते: जमिनीलगत पान हलत नाही, तरी शंभर मीटरवर वारा दिवसापेक्षा जोरात असू शकतो, आणि तो वरच्या वेगमापकाशिवाय कळत नाही.

सर्वांत घातक काळ मात्र एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंतचा, वळवाच्या पावसाचा. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वादळी वाऱ्याने काही मिनिटांत आडव्या होतात, तोच वारा क्रेनवरही येतो. गडगडाटी ढगातून थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधीच पुढे धावते. म्हणून पाऊस अजून पाच-दहा किलोमीटर दूर असतानाच साइटवर धुळीची भिंत येते, हवा एकदम गार होते आणि काही सेकंदांत वारा शांततेतून ताशी ६० ते ८० किलोमीटरवर जातो. येथे वेगमापक पाहून थांबू असे म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण त्याचा आकडा चढेपर्यंत हुकावरचे वजन खाली ठेवायला वेळच राहिलेला नसतो. चालू वजन खाली ठेवायला पाच मिनिटे आणि जाळीचा लांब बूम आडवा करायला अर्धा-पाऊण तास लागणार असेल, तर निर्णयही तितका वेळ आधी व्हायला हवा. भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज देतो आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. वळवाच्या दिवसांत दुपारी दोननंतर मोठे वजन उचलण्याआधी हे दोन्ही पाहणे, आणि क्षितिजावर ढग काळवंडताना दिसला की नवे वजन न उचलणे, हा नियम ठेकेदाराने आधीच लिहून द्यावा. तो लिहिलेला नसला तर थांबण्याची जबाबदारी रोजंदारीवरच्या सिग्नलमनवर येते, आणि 'क्रेनचे भाडे तासाला चालू आहे' हे वाक्य त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले जाते.

वजनाला बांधलेल्या टॅग लाईनवर, म्हणजे खालून धरायच्या दोरावर, अवाजवी भरवसा ठेवला जातो. हे दोर वस्तू स्वतःभोवती गिरकी घेऊ नये आणि तिची अरुंद बाजू वाऱ्याकडे राहावी यासाठी असतात. वाऱ्याचा जोर हातांनी पेलण्यासाठी नव्हेत. १४ मीटरच्या वाऱ्यात त्या चारशे किलोंच्या प्लेटवर शंभर किलोंहून अधिक जोर येतो आणि तो दोन धडधाकट माणसांनाही ओढत नेतो. दोर हाताला गुंडाळून धरणे म्हणजे तर स्वतःला वस्तूला बांधून घेणेच. दोन टोकांना दोन दोर, दोघेही मोकळ्या, सपाट जमिनीवर, आणि दोघेही वस्तूच्या सावलीबाहेर, एवढी शिस्त पुरेशी आहे. हायड्रा वजन घेऊन चालत असताना शेजारून हाताने वस्तू धरून चालणारा हेल्पर ही आपल्याकडची नेहमीची दृश्ये आहेत. क्रेनच्या चालण्याने आधीच झुलणाऱ्या वस्तूला वाऱ्याची जोड मिळाली की तो हेल्पर वस्तू आणि क्रेन यांच्या मधोमध असतो.

तापीकाठच्या काळ्या जमिनीचा येथे एक वेगळा मुद्दा आहे. वारा बाजूने लागला की एका बाजूच्या आउटरिगरवरचा, म्हणजे क्रेनला जमिनीवर टेकवणाऱ्या पायावरचा, भार वाढतो. कोरडी काळी माती दगडासारखी कडक वाटते आणि तिला भेगाही असतात. एखादी अवकाळी सर येऊन गेली की तीच माती आउटरिगरच्या टोकाच्या जॅकखाली खचते. एका जॅकने थोडे खाली जाणे म्हणजे उंच बूमच्या टोकाने बरेच बाजूला जाणे. म्हणून जॅकखाली जाड पोलादी प्लेट किंवा लाकडी स्लीपर हवेतच, आणि पाऊस झाल्यावर लेव्हल पुन्हा तपासायला हवी.

काम बंद झाल्यावर क्रेन कशी ठेवली जाते, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केतील मशिदीच्या विस्ताराच्या कामावरची मोठी क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, क्रेन वादळी वाऱ्यात कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली. ती त्या वेळी काही उचलत नव्हती, आणि निर्मात्याच्या सूचनेविरुद्ध तिचा बूम उभाच ठेवलेला होता, असे चौकशीत आढळले. मोबाइल व क्रॉलर क्रेनचा बूम वापर नसताना आत घ्यावा किंवा आडवा करावा. टॉवर क्रेनचे मात्र वेगळे आहे: तिचा स्ल्यू ब्रेक, म्हणजे फिरणे रोखणारा ब्रेक, मोकळा सोडायचा असतो, म्हणजे जिब, तिची आडवी भुजा, वाऱ्याबरोबर आपोआप फिरून त्याला कमीत कमी पृष्ठभाग देतो. 'फिरते आहे, म्हणजे कोणीतरी ब्रेक लावायला विसरले' असे समजून रखवालदाराने किंवा मुकादमाने तो लावून टाकला, तर पूर्ण वारा आडव्या जिबवर येतो. हुक रिकामा करून वर घ्यावा, जिब फिरताना शेजारच्या इमारतीला वा तारांना लागणार नाही याची क्रेन उभारतानाच खात्री करावी, आणि टॉवरला किंवा जिबला उद्घाटनाचे, वाढदिवसाचे, बिल्डरच्या नावाचे कोणतेही फ्लेक्स लावू नये, कारण वीस चौरस मीटरच्या फ्लेक्सवर २० मीटर प्रति सेकंदाचा वारा अर्धा टनाचा आडवा जोर घालतो आणि तो निर्मात्याच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो.

वादळ ओसरल्यावर लगेच पुढचे वजन उचलायला सांगितले जाते. त्याआधी वायर रोप पुलीवरून सुटलेला नाही ना, टॉवरचे बोल्ट व इमारतीला जोडलेले टाय ढिले झालेले नाहीत ना, जॅकखालची जमीन खचलेली नाही ना आणि वेगमापक अजून फिरतो आहे ना, हे सक्षम व्यक्तीकडून पाहून घ्यावे, आणि मगच रिकामा हुक एकदा पूर्ण वर-खाली व बूम पूर्ण फिरवून काम सुरू करावे.